कांजूरमार्गच्या फ्रीझरमधली नळी

मी, रत्नप्रभा धाकू परब, वय ७१, निवृत्त प्राध्यापिका, राहणार मुलुंड पूर्व, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉ. क्षमा साटम यांचा दाखला सोबत आहे. जिभेबद्दल कोणालाच शंका नाही.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते भाचा सुयोग याला द्यावं. त्याने आधी बाथरूमची गळती काढावी. त्याच्या आईला, म्हणजे वनमाला वहिनीला, वेगळं काही देत नाही. वकील म्हणाले, घेणाऱ्याने साक्षीला बसू नये, आणि साक्षीला मला तीच हवी आहे.

२. सूक्ष्मदर्शक माझी विद्यार्थिनी मनाली हिला. वरच्या मजल्यावरच्या प्रीतम सावलांना कुंड्यांखाली ठेवायच्या ताटल्या. त्यांनी माझ्या पापडांवर पुष्कळ पाणी सोडलं आहे.

३. आता मुख्य गोष्ट. आजारपणात माझ्या रक्तात यीस्ट शिरलं होतं. पावातलं नव्हे, माणूस मारणारं. नेहमीचं औषध चाललं नाही, दुसऱ्याने कशीबशी वाचले. ते यीस्ट मनालीच्या कांजूरमार्गच्या प्रयोगशाळेत, फ्रीझरमधल्या नळीत, माझ्या संमतीने ठेवलेलं आहे. त्यातलं एकेक जनुक कापून, औषध कशामुळे हरतं ते ती शोधते. एक सापडलं. तेवढं कापलं की नेहमीचं औषध लागू पडतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी सरंगा मासा तळून खाल्ला. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

वहिनीने मात्र माझ्या आजारपणात देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, ही पीडा समूळ जाऊ दे. म्हणून ती म्हणते, "वन्सं, ती अवदसा नळीत जित्ती आसा, तंवसर गाऱ्हाणा पुरा जावचा नाय." माझ्या तेराव्याआधी सुयोगने नळी नष्ट करून घ्यावी, असा तिचा हट्ट आहे.

तसं करू नये. माझी संमती वारसांनी मागे घेऊ नये. मूळ यीस्टच गेलं तर कापलेलं कशाशी ताडून बघणार? मनालीचं काम बुडेल आणि पुढचा पेशंट माझ्यासारखाच मरणाच्या दारात बसेल. गाऱ्हाण्यानेच मी वाचले असं म्हणायलाही माझी हरकत नाही. पण मग ते माझ्यापुरतंच कशाला?

बाकी माझी कशाबद्दल तक्रार नाही. हे कलम वहिनीला गेल्या रविवारी वाचून दाखवलं. ती उठून देवासमोर जाऊन बसली.

मुलुंड पूर्व, १२ जानेवारी २०२५
(सही) रत्नप्रभा धाकू परब

साक्षीदार:
(सही) डॉ. क्षमा साटम
(सही) वनमाला परब. गाऱ्हाणा परत घातलंय, सगळ्यांसाठी. नळी ऱ्हवांदे.