इंजिनवरचा दिवा

दि. ९ नोव्हेंबर

ती. ताईस,

छोट्याचा नमस्कार.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. फोनवर आपलं दोघांचं "बरं आहे ना, बरं आहे" यापुढे जात नाही, म्हणून तू पत्र लिहितेस, हे मला कळतं. इकडे सगळे ठीक. हिचा गुडघा पुन्हा धरलाय. जिना चढताना ती माझ्या नावानं चार शब्द बोलते, जणू घर मीच दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. कारखान्यात नवीन पॅनल बसवलेत. पंचवीस वर्षं वायरमनचं काम करतोय मी, पण आता कालची पोरं येऊन मला कोणतं बटण दाबायचं ते शिकवतात. शिकतो, काय करणार.

इस्पितळात शिवणकामाच्या खोलीत तुला कायम केलं, हे वाचून फार बरं वाटलं. चादरींच्या कडा शिवून डोळे दुखतात म्हणतेस, तर चष्म्याचा नंबर तपासून घे. अंगावर काढू नकोस.

आता तू लिहिलेलं मुख्य काम. इस्पितळाकडची बस बंद झाल्यामुळे तुझी रोज सात किलोमीटर जायची पंचाईत होते आणि भावोजींची इंजिनाची सायकल माझ्या शेडमध्ये पडून आहे, हे खरं. पण ताई, माझं ऐकशील तर तिचा नाद सोड. मागचं चाक वाकून आठ झालंय, टाकी आतून गंजलीय, चार वर्षं ताडपत्रीखाली पडलेलं इंजिन सुरू झालं तरी भरवशाचं नाही. तू लिहितेस, "त्यांनी हौसेनं घेतलेली, गंजून जायला नको. चाक बदल, दिवे तुझ्या हातानं जोड, मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." मला वाटतं तू नवी बॅटरीची सायकल घ्यावीस. पैशांची सोय मी करतो, त्याचा विचार करू नकोस.

आणि जुनी काय, नवी काय, कुठेही इंजिन बसवलेली सायकल घेतलीस तर एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. दिव्यांना वेगळी बॅटरी हवी. सीटखाली डबा बसवून त्यात बॅटरी, घरी आल्यावर चार्जिंगला लावायची. कुणी म्हणेल, "कशाला रोजची कटकट, इंजिनच्या कॉइलमधून एक जास्तीची वायर येते, तिच्यावर दिवा लावू." तर ऐकू नकोस. त्या कॉइलवर इंजिनचा स्पार्क, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी, चालतो. दिवा लावला की तो स्पार्कच्या तोंडचा घास काढतो. चढावर इंजिन अडखळतं, आणि बंद पडलं की दिवा त्याच क्षणी जातो, पुढचाही आणि मागचा लालही. म्हणजे रस्त्याच्या मधोमध तुम्ही उभे, आणि मागून येणाऱ्याच्या दृष्टीनं तिथे कुणी नाहीच. हॉर्न, मोबाईल चार्ज करायचं सॉकेट, काय वाटेल ते लाव, सगळं बॅटरीवर. काही झालं तरी इंजिनच्या वायरला हात लावू देऊ नकोस.

फारच लांबण लावली. हात दुखला. ही तुला नमस्कार सांगते.

तुझा,
छोट्या


दि. ३० नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर येऊन दोन आठवडे होऊन गेले. चार ओळींचं पत्र, पण मी ते डब्यात घालून रोज कारखान्यात नेलं आणि रोज परत आणलं. तू विचारलंस, "तुला एवढं सगळं माहीत होतं, तर तेव्हा त्या फिटरला सांगितलं का नाहीस?"

तू सहज विचारलंस. तुझ्या मनात काही नाही, हे मला अक्षरावरून कळलं.

ताई, फिटरकाकांनी बॅटरीच बसवली होती. त्यांनी इंजिन बसवून दिलं तेव्हा सीटखाली डबा होता, आठवतो का? नंतर भावोजींना हॉर्न हवा झाला, मग मोबाईलचं सॉकेट. ते मीच लावून दिलं. एका चार्जिंगवर बॅटरी पुरेना, रात्री लावायचंही कधी राहून जाई. भावोजींना सहाला पाण्याच्या पंपावर पोचायचं असे, आणि निघताना कधीकधी दिवा मिणमिणता. एका रविवारी तू बाजारात गेली होतीस. मी म्हटलं, "भावोजी, इंजिन फुकटात वीज बनवतंय आणि तुम्ही डबा कसला वाहताय?" डबा काढला, दिवे इंजिनच्या वायरवर घेतले. पाऊण तासाचं काम. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

मग मी फिटरकाकांच्या दुकानावरून जाताना त्यांना सांगितलंही. ऐट मिरवायला, दुसरं काय. ते चाकाचे आरे ताणत होते. मान वर न करता म्हणाले, "ते परत बॅटरीवर घ्या. चढावर घात होईल." मी म्हटलं, "काका, मी परवानाधारक वायरमन आहे." ते पुन्हा आरे ताणू लागले.

इथवर लिहून मी थांबलो असतो तरी तुला पुरलं असतं. पण अजून आहे.

भावोजींनी मला दोनदा सांगितलं. एकदा जेवताना, तू आत पोळ्या करत होतीस. "छोट्या, पुलाच्या चढावर इंजिन गचके खातं रे, आणि दिवा पार बसतो." मी म्हटलं, "पॅडल मारा, पोट कमी होईल." ते हसले. दुसऱ्यांदा शुक्रवारी, फाटकापाशी. म्हणाले, "धुकं पडायला लागलंय, तेवढं बघतोस का?" मी म्हटलं, "रविवारी बघतो." शनिवारी पहाटे ते गेले. पुलाच्या चढावर. ट्रकवाला रडत सांगत होता, समोर काही दिसलंच नाही, लाल दिवा नव्हता. तो खरं बोलत होता.

पोलीस ठाण्यात विचारलं, वायरिंग कुणाचं. तू माझा हात धरून, माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी होतीस. तूच म्हणालीस, "फिटरनं केलंय सगळं." मी फक्त होकारार्थी मान हलवली. बोललो नाही, मान हलवली. चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी खोटं बोललो नाही.

आणि नंतर तू त्यांच्या दुकानासमोर उभी राहून भर रस्त्यात जे बोललीस, तेव्हाही मी तुझ्या शेजारी होतो. तुला आवरत होतो, म्हणजे लोकांना तसं दिसत होतं. मला भीती होती की ते तोंड उघडतील. ते फडक्यानं हात पुसत उभे राहिले. गिऱ्हाईक तुटलं, महिनाभरात दुकान बंद झालं.

तुझं पत्र आल्यावर त्यांना शोधून काढलं. मालाच्या गोदामाच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसतात. मला ओळखलं, स्टूल पुढे केलं. मी उभ्यानंच म्हटलं, "काका, ते दिवे मी जोडले होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "माझा जोड कथलाचा डाग दिलेला असतो. दिव्यांचा नुसता पिळून टेप गुंडाळलेला होता. ठाण्यात गाडी दाखवली तेव्हाच बघितला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची बहीण तुमचा हात धरून उभी होती. माझं काय, फार तर दुकान जाणार होतं. तो हात काढून घेतला असता तर ती कुठे गेली असती?" मग एक ट्रक आला, त्याचा नंबर लिहून झाल्यावर म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही आपणहून याल. पहिलं वर्ष वाट बघितली."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "आता आलात ते माझ्यासाठी की स्वतःसाठी?" तो प्रश्न अजून माझ्यासोबत आहे.

तिथून मी ठाण्यात गेलो. लेखी जबाब देतो म्हटलं. जमादारानं कपाट उघडायचे कष्टही घेतले नाहीत. "प्रकरण केव्हाच मिटलंय. कशाला उकरता? घरी जा, आराम करा." म्हणजे आता मला कुणी शिक्षाही करणार नाही. हिला परवा सांगितलं. तेव्हापासून माझं ताट वाढून ठेवते आणि उठून आत जाते.

तू मला वाढवलंस. आई गेल्यावर स्वतःची शाळा सोडून मला शाळेत घातलंस, वायरमनच्या परीक्षेची फी तुझ्या शिलाईतून गेली. हे लिहून मला तुझ्याकडून काही सूट मागायची नाही. एवढंच, की मी काय केलं आणि कुणाच्या जिवावर केलं, ते तुला पुरतं कळावं.

फिटरकाकांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

छोट्या


दि. २२ डिसेंबर

छोट्या,

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेवटपर्यंत गेलेच नाही. जेवायच्या सुट्टीत वाचत होते. शिवणखोलीतल्या बायकांना वाटलं, पुन्हा कुणीतरी गेलं. मी हो म्हटलं.

त्यांनी तुला दोनदा सांगितलं, हे मला नव्यानं कळलं. मला त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी रात्री एवढंच म्हणाले होते, "रविवारी छोट्या येणार आहे, काहीतरी गोड कर." मी रवा आणून ठेवला होता.

गेल्या रविवारी दोन बस बदलून मी फिटरच्या पत्त्यावर गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी नाव सांगायच्या आत तिनं ओळखलं. म्हणाली, "ते घरात आहेत, पण येणार नाहीत. तुम्हाला जे बोलायचं होतं ते त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून झालंय." आवाज चढवला नाही. मी म्हटलं, मला वेगळं सांगायचंय. ती म्हणाली, "आमच्या मुलीचं ठरलेलं लग्न तेव्हा मोडलं. माणूस मारणाऱ्याच्या घरची मुलगी नको म्हणाले. ती अजून घरीच आहे. तिला काय सांगू, ते सांगून जा."

ती दार धरून उभी होती, मी पायरीवर. आत कुणीतरी भांडी घासत होतं, ते थांबलं. मी तशीच परत आले.

मी त्या माणसाला रस्त्यात खुनी म्हटलं होतं, छोट्या. तू शेजारी होतास. माझ्या पाठीवर तुझा हात होता.

सायकल पाठवू नकोस. विकूही नकोस, दुसऱ्या कुणाच्या जिवाशी खेळ नको. भंगारात तुझ्या डोळ्यांसमोर तोडून घे. मी इस्पितळात चालत जाते. पहाटे पाचला निघते, दीड तास लागतो. हातात टॉर्च असते.

इथे येऊ नकोस. पत्र लिहू नकोस. कधीपर्यंत, ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं खोटं लिहिणार नाही. तुझ्या बायकोला सांग, माझा तिच्यावर राग नाही. ताटावरून उठून जात असेल तर जाऊ दे तिला.

सही करताना हात थांबला. मला तू दुसऱ्या कुठल्याच नावानं हाक मारलेली नाहीस, म्हणून लिहिते आहे,

ताई