तक्रार नाही हं, पण…

३ नोव्हेंबर
इमारतीचा भाडेकरू-प्रतिनिधी म्हणून बिनविरोध निवड! (दुसरं कोणी उभंच नव्हतं, ते वेगळं.) संकल्प: घरमालक संस्थेकडे दाद कशी मागायची, ते सगळ्यांना शिकवणार. आधी संस्थेकडे तक्रार. तिच्या उत्तरांनी समाधान नाही झालं, तर थेट भाडेकरूंच्या लोकपालांकडे. सोपं आहे. आमच्या बेडरूमची बुरशीही नाताळच्या आत घालवणार. ग्लेनिसचा खोकला थांबत नाही. म्हणाली, क्लिफर्ड, एक तर बुरशी जाईल, नाहीतर मी. गमतीशीर आहे बायको.

७ नोव्हेंबर
लिफ्टमध्ये पत्रक लावलं. त्यातला मुख्य सल्ला माझा स्वतःचा: सुरुवात गोड करावी. 'तक्रार नाही हं, पण…' म्हटलं की समोरचा विरघळतो. आम्ही इंग्लंडातली, त्यातून ओल्डमची माणसं, कोणी पायावर पाय दिला तरी आपणच सॉरी म्हणतो. खालच्या मिसेस ओकोरो म्हणाल्या, अहो, छत गळतंय माझं, आणि तक्रार नाही म्हणू? म्हटलं, बाई, इथे असंच चालतं.

१९ नोव्हेंबर
संस्थेची फिलिपा येऊन गेली. चहा, माझ्या हातची बिस्किटं. म्हणाली, सगळे भाडेकरू तुमच्यासारखे हवेत. भिंतीचं नोंदवून घेतलं. भरून आलं मला. ती गेल्यावर ग्लेनिस म्हणाली, काय म्हणून नोंदवलं, विचारलंस का? बायकांना संशय फार.

११ डिसेंबर
भिंतीला रंग दिला. बुरशी रंगाच्या वर आली. ग्लेनिस ब्लॅकपूलला बहिणीकडे गेली. तात्पुरती. इलेक्ट्रिक ब्लँकेट मात्र घेऊन गेली.

६ जानेवारी
लोकपालांकडे फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली. म्हणाली, काका, तुमची तक्रारच नाहीये. संस्थेकडे 'चौकशी' म्हणून नोंद आहे. पहिल्याच वाक्यात तुम्ही तक्रार नाही म्हणालात ना? आता पहिल्यापासून सुरू करा.
फिलिपाने केसाने गळा कापला! माझी बिस्किटं खाऊन! एवढा विश्वास मी सख्ख्या भावावर टाकला नसता. आता जिन्यानेच जातो. लिफ्टमध्ये पत्रक आहे.

१४ जानेवारी
जिन्यात मिसेस ओकोरो भेटल्या. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांचं छत कधीच दुरुस्त झालेलं! ग्लेनिसने त्यांना सांगितलं होतं म्हणे, क्लिफर्डचं ऐकू नकोस, पहिलाच शब्द 'तक्रार' लिही. माझीच बायको, माझ्याच पाठीमागे! आमच्या घराचा भाडेकरार माझ्या एकट्याच्या नावावर, म्हणून आमच्या भिंतीचं तिला काही करता आलं नाही.

२० जानेवारी
संस्थेचं मासिक आलं. मुखपृष्ठावर मी. 'सर्वात समाधानी भाडेकरू.' फोटोत हसतोय.

२ फेब्रुवारी
नवी तक्रार अजून लिहितोच आहे. पहिल्या वाक्यावर अडलंय.
संध्याकाळी ग्लेनिसचा फोन. खोकला थांबला म्हणाली. बहिणीकडच्या भिंती कोरड्या आहेत. मग म्हणाली, मी इथेच राहिले तर तुझी काही तक्रार? परत ये, तुझ्याशिवाय घर खायला उठतं, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं, तक्रार नाही गं, पण…
बरं मग, म्हणाली, आणि फोन ठेवला.