बाबांच्या शब्दांची लिस्ट

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला कॉम्प्युटर मी किती तरी दिवस चादरीखाली झाकून ठेवला होता. आता रोज त्याच्यासमोर बसते. पक्षाघाताच्या झटक्यात बाबांची वाचा गेल्यावर स्पीच थेरपीच्या बाईंनी घरी सराव घ्यायला सांगितला: चित्र दाखवायचं, शब्द ऐकवायचा, थांबायचं, त्यांना बोलू द्यायचं. बोलून बोलून माझ्या घशाला कोरड पडायची, म्हणून हे काम कॉम्प्युटरनेच करावं यासाठी कोपऱ्यावरच्या क्लासला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकले. पाण्यासाठी चार ओळी, उशीसाठी पुन्हा त्याच, कात्रीसाठी पुन्हा त्याच. पानंच्या पानं झाली. त्या गोंधळात एकदा चित्र उशीचं आणि आवाज चहाचा लागला. बाबा आपले उशीकडे बघून "चहा" म्हणाले, आणि मी त्यांनाच चूक ठरवलं.

क्लासमधली शिकवणारी मुलगी तुझ्याच वयाची. ती म्हणाली, "काकू, कृती एकच आहे, बदलतो फक्त शब्द. शब्दांची लिस्ट करा आणि कृती लूपमध्ये एकदाच लिहा, प्रत्येक शब्दासाठी ती आपोआप परत होते." सगळं एवढ्याशा जागेत मावलं की गं. नवा शब्द हवा तर लिस्टमध्ये टाकायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. मला चेवच चढला. सुई, खिडकी, चप्पल. बाबा शिलाई मशीनजवळच्या खुर्चीत बसून एकेक म्हणायचे. "कात्री" तर असं ठणकावून म्हणाले, जसं काही गिऱ्हाईक दारात ताटकळलंय.

मग दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, नवे शब्द नकोत, आहेत तेवढे जपा. जपायचे कसे, ते काही सांगितलं नाही. शब्द आला नाही की बाबा चिडतात, मूठ आपटतात, मग रडतात. म्हणून तो शब्द मी काढून टाकते. आधी सुई गेली, मग खिडकी. शब्द काढणं हे नवा घालण्याइतकंच सोपं आहे, हेच सोसत नाही. प्रोग्रॅम कुरकुरत नाही. उरलेत तेवढे शब्द घेतो आणि थांबतो, दिवसेंदिवस लवकर.

फोनवर तू लगेच "बाबांना दे" म्हणतेस, म्हणून हे लिहून कळवतेय. आज सकाळी तुझा फोटो आला. बाबा बराच वेळ बघत राहिले, मग माझ्याकडे वळले, मी काही सांगेन म्हणून. मी लिस्टमधलं तुझं नाव पुन्हा ऐकवलं, पण त्यांना ते आलं नाही. ते चिडलेसुद्धा नाहीत. तो शब्द काही माझ्याने काढवणार नाही. सुट्टी मिळेल तेव्हा नको, बाळा. आत्ता ये.

तुझीच,
आई