तेराव्यानंतरच उघडावे

मी, विश्वेश्वर दामोदर मोघे, वय अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय पौरोहित्य, राहणार दुर्गाघाट, वाराणसी, हे माझे शेवटचे म्हणणे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे, कान मात्र एकच चालतो. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. या घरात दबाव टाकणारा मीच आहे. याआधीची दोन मृत्युपत्रे मी स्वतः फाडली. ती भलतीच मवाळ झाली होती.

कलम १. हा लिफाफा माझ्या तेराव्याची पंगत उठल्यावर, चौदाव्या दिवशी उघडावा. एक तासही आधी नाही. नातू निमिष याने मणिकर्णिकेवर मला अग्नी द्यावा, दहा दिवस पिंड द्यावेत, बारावे-तेरावे काहीही न गाळता करावे. त्याचा बाप, माझा मुलगा प्रसन्न, तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला, म्हणून हे काम निमिषचे. आधी वाचले तर तो करणार नाही. कारण पाचव्या कलमात आहे.

कलम २. दुर्गाघाटावरच्या दोन खोल्या, माकडांसाठी जाळी लावलेली गच्ची, घाटावरचे विधीला बसायचे लाकडी तखत आणि छत्री निमिषला. यजमानांच्या अकरा वह्याही त्यालाच. सातारा, वाई, नाशिककडची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे येतात, त्यांचे आजे-पणजे या वह्यांत आहेत. निमिषचे उच्चार स्वच्छ आहेत, त्याच्या बापापेक्षा कितीतरी. प्रसन्न मऊ माणूस होता. बायको ओरडली की गप्प, मी ओरडलो की गप्प.

कलम ३. शेजारी बाळू शेंडे, बँकेतून निवृत्त, याने माझी शिडी नेली आणि एक पायरी कमी करून परत आणली. पायरी आधीच तुटलेली होती, असे तो सत्तावीस वर्षे म्हणतो आहे. उरलेली शिडी त्याला द्यावी. चढताना माझी आठवण काढावी.

कलम ४. सून मधुरा, प्रसन्नची दुसरी बायको. हिला काही नाही. निमिषच्या टायफॉइडमध्ये ती अठरा दिवस त्याच्या उशाशी बसली, हे खरे आहे. त्याबद्दल बारा वर्षे या घरात जेवली. निमिष तिला मावशी म्हणतो. आई म्हणू लागला होता, ते मी बंद केले.

ही आली ती पहिल्या नवऱ्याची मुलगी, स्वरदा, हाताला धरून. तो नवरा जबलपूरचा. त्याने हिचा हात दोनदा मोडला होता. कोर्टाने मुलगी हिच्याकडे दिली, पण विचारल्याशिवाय जबलपूरबाहेर न्यायची नाही, असे बजावले. ही न विचारता घेऊन आली. लग्नानंतर चौथ्या महिन्यात मला ते कळले आणि फार बरे वाटले. त्याचा पत्ता मी माझ्या पंचांगात ठेवला. मधुराने माझ्यासमोर तोंड उघडले की मी म्हणायचो, "एक पोस्टकार्ड टाकायचा अवकाश आहे." मग ती भाकऱ्या थापायला लागायची. मुलगी अठराची होईपर्यंत बाई माझ्या मुठीत. ती पोर आता सोळाची आहे की सतराची, मला माहीत नाही. परक्याच्या मुलांचे वाढदिवस मी लक्षात ठेवत नाही.

दोघींनी माझ्या तेराव्यानंतर महिन्याभरात घर सोडावे. स्वरदाला मी तिच्या बापाचा पत्ता ठेवून जातो.

कलम ५. निमिष, हे तू एकट्याने वाच.

तुझी आई बकुळ या घरात आठ वर्षे होती. गात असे. एकदा वाईच्या अकरा यजमानांसमोर मी विधी आटोपता घेतला, तेव्हा ती दारातून म्हणाली, "नाना, दोन पिंड राहिले." राहिले होते. म्हणूनच मी विसरलो नाही. पुढची तीन वर्षे मी तुझ्या बापाच्या मागे लागलो आणि घटस्फोट करवला. ती चार-चार तास तुला एकटे टाकून गाण्याला जाते, असे मी कोर्टात शपथेवर सांगितले. ती तुला बरोबर नेत असे. तुझा ताबा बापाला मिळाला, तिला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी भेट.

त्या शनिवारी ती खाली गल्लीत उभी राहायची. मी वरून सांगायचो, ताप आहे, सहलीला गेला, सारनाथला गेला. तू आत माझ्या मांडीवर रूपावली पाठ करत असायचास. तरी ती यायचीच. मग मी तुला शुद्धलेखन घातले: "आई, मला तुला भेटायचे नाही. तू येऊ नकोस." तू सुरेख अक्षरात लिहिलेस आणि मी तुला पेढा दिला. कागद तिला टपालाने गेला. त्यानंतर ती आली नाही. तुला सांगितले, आई तापाने गेली.

मुंज झाल्यावर तू पितृपक्षातल्या अविधवा नवमीला तिचे श्राद्ध करू लागलास. नवऱ्याआधी गेलेल्या बाईची ती नवमी. तिला मृत्यूची तिथी लागत नाही, म्हणून मी ती निवडली. मधुराला दुसऱ्याच वर्षी कळले. "पोराच्या हातून जिवंत आईला पिंड?" म्हणाली. मी पंचांग उघडून जबलपूरचा पत्ता दाखवला, ती पिंडांचा भात शिजवायला गेली.

चुकलो ते एकाच ठिकाणी. प्रसन्न माझ्याआधी जाईल, असे मला वाटले नव्हते. नवरा गेला की नवमी संपते. बाप गेला त्याच वर्षी तू पितृपक्षात विचारलेस, "आजोबा, अब तो नवमी नाही चालणार ना? आईची तिथी सांगा, मी पंचांगात पाहून घेतो." हजारो लोकांच्या तिथ्या लावणारा मी, मला या एकीची सुचली नाही. म्हणालो, ते पान वाळवीने खाल्ले. चार पितृपक्ष तू विचारतो आहेस. नगर निगमात तिच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज करून आलास, नोंद नाही म्हणून रडलास. मी पाहिले.

तिथी नाही, कारण ती मेलेली नाही. ग्वाल्हेरच्या शाळेत गाणे शिकवते. दर दिवाळीला तुझ्यासाठी स्वेटर पाठवते, दर वर्षी अंदाजाने एक माप मोठा. ते मी नावाड्यांच्या पोरांना वाटले. यंदाच्या पार्सलचा कागद चौथ्या वहीत आहे, त्यावर पत्ता आहे.

आता जा हवे तर. माझे पिंड पोचलेले असतील, ते परत घेता येत नाहीत. मला पश्चात्ताप होत नाही. तू मला फार आवडायचास आणि तू माझ्याजवळ राहिलास, बाकीचे मला दिसत नव्हते.

कलम ६. साक्षीदारांनी मजकूर वाचू नये. मी हात ठेवून सही घेईन. मधुराला मुद्दाम साक्षीदार केले आहे. जिथे बोट दाखवतो तिथे ती सही करते.

स्थळ: दुर्गाघाट, वाराणसी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
सही: विश्वेश्वर दामोदर मोघे

साक्षीदार १: बाळू शेंडे. (मजकूर वाचला नाही. नानांचा हात वर होता.)

साक्षीदार २: मधुरा प्रसन्न मोघे.

नाना, तुम्ही चष्मा काढून पडला आहात, म्हणून सहीखाली लिहिते. तुम्ही हे उशाखाली ठेवत होता आणि अंथरूण रोज मीच झटकते. चार दिवस वाचत होते. स्वरदाला मंगळवारी अठरा पूर्ण झाली. घरात शिरा केला होता, तुम्ही दोनदा मागून खाल्लात.

दुपारी निमिषला सगळं वाचून दाखवलं. चौथी वही त्यानेच काढली. तो स्टेशनवर गेला आहे, ग्वाल्हेरचं तिकीट काढायला. जाताना तुमच्या खोलीत डोकावला नाही. मला "येतो, आई" म्हणाला.

तुमच्या अग्नीचं बाळूकाकांना विचारून ठेवते. शिडीचं तेवढं त्यांना माफ करा.