कर्सर, वजनकाटा आणि बंगलोर

३ ऑक्टोबर १९८८, सोमवार
आजपासून रोजनिशी. इंग्रजीत लिहिणार होतो, पण कामाचं इंग्रजी दिवसभर होतंच.
साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झालो. विभागात मी एकटाच, त्यामुळं प्रमुखपदाबद्दल वाद नाही. एसी खोलीत एक मोठं मशीन आणि त्याला वायरीनं जोडलेले चार टर्मिनल. टर्मिनल म्हणजे काळ्या पडद्याचा डबा, खाली कीबोर्ड. अक्कल सगळी मशीनमध्ये, डबा फक्त दाखवतो.
काम: उसाच्या गाडीचं वजन पडद्यावर भरायचा प्रोग्राम. तो कोणीही लिहील. मी पडद्याचा सगळा कारभारच मुळापासून लिहिणार. पडदा पुसणे, कर्सर हवा तिथं नेणे, अक्षरं चमकवणे, सगळी फंक्शनं माझी स्वतःची. मशीनसोबत मॅन्युअलचे जाड खंड आलेत. वाचत बसायला वेळ नाही.
दसऱ्यापर्यंत काम पूर्ण. दिवाळीनंतर बंगलोर. बिदरमध्ये आयुष्य काढायला मी जन्मलेलो नाही.

७ ऑक्टोबर
पडदा पुसला! एस्केप नावाचं एक न दिसणारं अक्षर आणि त्याच्यामागं ठरावीक चिन्हं पाठवली की डबा एकदम स्वच्छ.
एम.डी. चन्नबसप्पासाहेबांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, सगळं पुसलं का? म्हटलं, सगळं. घाबरून म्हणाले, वजनं पण? म्हटलं, नाही, फक्त पडद्यावरचं. मग ठीक हाय म्हणाले आणि गेले. टाळ्या वगैरे नाहीत.
मालतीला घरी सांगितलं. ती शाळेत शिक्षिका आहे. म्हणाली, आम्ही रोज फळा पुसतो, कुणाला बोलावत न्हाई.

१३ ऑक्टोबर
कर्सर ऐकत नाही. पाचव्या ओळीत जा म्हटलं तर पाचव्या कॉलमात जातो. शेतकऱ्याचं नाव गावाच्या जागी, गाव वजनाच्या जागी. डब्याचाच दोष असणार.

१४ ऑक्टोबर
ओळ आधी आणि कॉलम नंतर द्यायचा असतो. मला माहीत होतं, फक्त उलटं लिहिलं होतं.

२० ऑक्टोबर, दसरा
आयुधपूजा. साहेबांनी सगळ्या मशीनरीला हळदकुंकू लावायला लावलं, टर्मिनललासुद्धा. एस्केपचं बटण चिकटलं. काम पूर्ण न होण्याचं कारण हे. नोंद करून ठेवतो.

४ नोव्हेंबर
गाळप सुरू झालं. वजनकाट्यावर पिराजी आहे. चिंताकी गावचा, घरात मेंढरं, हा बारावी पास होऊन क्लार्क झालेला. त्याच्या खोलीतल्या टर्मिनलवर माझा प्रोग्राम चालू करून दिला आणि परत आलो. तो मागोमाग पळत आला. साहेब, डबा कामून डोळे मिचकायलाय, म्हणाला. जाऊन बघितलं. सगळा पडदा उघडझाप करत होता आणि आतून टुंग टुंग आवाज.
काट्यावरचा डबा दुसऱ्या कंपनीचा निघाला. माझ्या डब्याला 'पडदा पूस' वाटतं ते त्याला 'चमकत राहा' वाटतं. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. मशीनमध्ये म्हणे एक तयार फाइल आहे, कुठल्या डब्याला काय येतं त्याची जंत्री. परदेशात बसून लिहिलेली. त्यांना औराद तालुक्यातला वजनकाटा काय कळणार? मी माझ्या प्रोग्राममध्येच लिहिलं: काटा असेल तर हे पाठव, नाहीतर ते. काम झालं.
हिशेब खात्याचा डबा तिसऱ्याच कंपनीचा आहे. उद्या बघू.

१५ नोव्हेंबर
दिवाळी होऊन गेली. बंगलोर संक्रांतीला.
पिराजीच्या हातून चुकून कंट्रोल आणि सी दाबलं गेलं आणि तो प्रोग्रामच्या बाहेर पडला. बाहेर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं, तसाच बसून राहिला. मी आज बाहेर पडायची सगळी बटणं बंद केली. आता ह्यातून कुणीही बाहेर पडू शकणार नाही. जेवताना मालतीला सांगितलं. ती म्हणाली, अन् पडायचं असलं तर? बायकांना सिस्टिम कळत नाही.

१६ नोव्हेंबर
मीच आत अडकलो.
दुरुस्ती करायला काट्यावर गेलो होतो. मध्येच प्रोग्राम थांबला. टाइप केलेलं दिसेना, कारण ते दिसू नये अशी सोय मीच केली होती. बाहेर पडता येईना. चारही डबे मुके. खिडकीतून बघितलं तर बैलगाड्यांची रांग गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत. गाडीवाले ओरडायला लागले. एक जण आत डोकावून म्हणाला, व्हय ओ, ऊस वाळायलाय की! पिराजी न बोलता चिठ्ठ्यांवर वजनं लिहीत होता. शेवटी मी जाऊन मशीनचा मेन स्विचच बंद केला.
साहेबांनी बोलावलं. घाबरलो होतो, पण बोलताना आवाज आपोआप भारदस्त झाला. म्हटलं, हे फार खोल काम आहे, बिदर जिल्ह्यात हे माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, मी नसतो तर आज गाळप बंद पडलं असतं. साहेब काळजीत पडले. मला चहा सांगितला.
एकंदरीत दिवस चांगला.

५ डिसेंबर
साहेबांनी हिशेब खात्यातल्या गुरप्पाला शिकायला पाठवलं. त्याला बिट, एस्केप आणि रजिस्टर असं सगळं एका दमात समजावलं. अण्णा, मला आपलं हिशेबाचंच बरं हाय, म्हणून हात जोडून गेला. छान. आपली किंमत आपणच राखायची. फंक्शनांची नावंही मी व्ही-वन, व्ही-टू अशीच ठेवतो. कशात काय आहे हे फक्त मला माहीत. प्रोग्राममध्ये खुलासे लिहीत नाही, खुलासे कच्च्या माणसाला लागतात.

१८ जानेवारी १९८९
संक्रांत झाली. बंगलोरच्या कंपनीची जाहिरात आली. अर्ज टाकला. 'स्वतःची स्क्रीन लायब्ररी' (म्हणजे माझ्या सगळ्या फंक्शनांचा संच) हे शब्द मोठ्या अक्षरात टाइप केले.

९ फेब्रुवारी, बंगलोर
मुलाखत झाली. समोर एक बाई होत्या, पांढरे केस, कडक कॉटनची साडी. माझी लायब्ररी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं की हे सगळं तुमच्या मशीनबरोबरच येतं, ते का वापरलं नाही? म्हटलं, येत नाही. त्या म्हणाल्या, येतं. मशीनचं नाव विचारलं, मॅन्युअलचा खंड सांगितला, जंत्रीच्या फाइलचं नाव सांगितलं.
आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो. म्हटलं, वाचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, निदान आत काय चालतं ते तुम्हाला हातानं करून कळलंय, आम्हाला असा माणूस चालेल. १ मार्चला या, कारखान्याचं सुटकेचं पत्र घेऊन.
स्टेशनवर दोन मसाला डोसे खाल्ले. मी जिंकलो!

११ फेब्रुवारी
सकाळीच मशीनवर बघितलं. सगळं होतं. पहिल्या दिवसापासून होतं. पडदा पुसणं, कर्सर, सगळे डबे, काट्यावरचासुद्धा. माझ्यापेक्षा नीट. असो. आता काय त्याचं.
मालतीला बातमी सांगितली. तिनं विचारलं, पक्कं हाय का? शाळेत सांगू का मी? म्हटलं, काळ्या दगडावरची रेघ. तिनं दुपारी शाळेत राजीनामा दिला. पोरींनी रडून घेतलं म्हणे. घरी येऊन माळ्यावरची ट्रंक काढली. इतकी खूश ती मला लग्नात पण दिसली नव्हती.

१३ फेब्रुवारी
साहेबांकडे गेलो. राजीनामा वाचून ते खरोखर हादरले. म्हणाले, व्यंकटेशराव, तुमीच सांगितलात की जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमणार न्हाई म्हणून. बोर्डाच्या मीटिंगमध्ये पण मी तेच सांगितलो. आता सोडलो तर उद्या गाड्या कुठं उभ्या करू? म्हटलं, तसं काही अवघड नाही साहेब. ते म्हणाले, तुम्ही मोठेपणानं बोलायलाव.
शेवटी त्यांनी एवढं कबूल केलं की गुरप्पाला तयार करा, त्याला जमलं की त्याच दिवशी पत्र देतो. माणूस वाईट नाही.
दोन दिवसांचं काम.

१६ फेब्रुवारी
गुरप्पाला घेऊन बसलो. त्यानं विचारलं, अण्णा, हे व्ही-सेव्हन काय करतंय? म्हटलं, बघू. बघितलं. कळलं नाही. व्ही-सेव्हन व्ही-थ्रीला बोलावतं, व्ही-थ्री काटा आहे का विचारून व्ही-इलेव्हनकडे पाठवतं, ते परत व्ही-सेव्हनकडे. हे का लिहिलं असेल? कुणी लिहिलं असेल?
गुरप्पा म्हणाला, तुमालाच कळंना तर मला कसं कळंल. रागावलो. नंतर वाईट वाटलं.

२१ फेब्रुवारी
नवा बेत. माझं सगळं काढून टाकायचं, मशीनची तयार लायब्ररी बसवायची. मग मॅन्युअल वाचून कुणालाही चालवता येईल. साधा उपाय, आधी का सुचला नाही!

२४ फेब्रुवारी
व्ही-थ्री काढलं. हिशेब खात्याचा डबा बंद. परत घातलं. व्ही-नाईन काढलं. वजनातला शेवटचा आकडा पडद्याबाहेर गेला, गाडीवाले भांडायला उठले. परत घातलं. एक वीट काढली की दुसरीकडची भिंत हलते. पिराजी म्हणाला, साहेब, ऐन गाळपात कामून हात लावायलाव, मार्चनंतर करा की. म्हटलं, मार्चनंतर मला काय उपयोग? त्यानं स्टुल पुढं सरकवलं आणि बसा जरा, म्हणाला.
घरी ट्रंका भरून झाल्यात. मालती रोज विचारते, पत्र दिलं का. रोज म्हणतो, उद्या.

२७ फेब्रुवारी
बंगलोरला ट्रंककॉल लावला. पंधरा दिवस द्या म्हटलं. त्या बाईच फोनवर होत्या. गाळप, वजनकाटा, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमचंच लिखाण तुम्हाला वाचता येत नाही? लाइनीत खरखर होती, त्यामुळं उत्तर दिलं नाही.

४ मार्च
तार आली. जागा भरली.
मालतीला तिथंच अंगणात वाचून दाखवली. ती म्हणाली, शाळेनं माझ्या जागी नवी बाई घेतली परवाच. रडली नाही, चिडली नाही. आत जाऊन ट्रंक उघडली आणि स्वयंपाकाला लागतील तेवढीच भांडी बाहेर काढली. पोस्टात जातो म्हणून बाहेर पडलो, मैलूरच्या रस्त्यानं उगाच हिंडून आलो.

१९ मार्च, रविवार
साहेब स्वतः जीप घेऊन आले. बोर्डानं माझ्या निष्ठेची दखल घेतली आहे. कारखान्याच्या आवारात क्वार्टर दिलं, वजनकाट्याला लागूनच. म्हणजे काही अडलं तर हाक मारली की झालं, साहेब म्हणाले. नारळ फोडला, मला हार घातला. पिराजी आणि गुरप्पानं सामान उतरवलं.
मालती जीपमध्ये बसून राहिली. दोनदा बोलावलं. मग उतरली, आत आली, खिडकीतून गाड्यांची रांग बघितली, आणि झाडू कुठं हाय म्हणून विचारलं.
ही व्यवस्था तात्पुरती आहे. पुढच्या सीझनच्या आत बाहेर पडतो, तसं आज मनाशी पक्कं ठरवलं.
दाराशेजारी माझं नाव आधीच घातलेलं आहे, कन्नड आणि इंग्रजीत. पाटी नाही. थेट भिंतीवर, ऑइल पेंटनं.