सरोजने दिलेली फांदी

५ ऑक्टोबर १९५४
आज येऊरच्या पायथ्याशी, सरोजच्या बंगलीत राहायला आले. ठाणे स्टेशनवरून टांगा, पुढे पायवाट. शाळेतून निवृत्त झाले तशी शाळेची खोलीही गेली. कॉन्व्हेंटमधली ही बालमैत्रीणच धावून आली. भाडे नको म्हणाली. तिच्या यजमानांनी मागच्या रानात, माती वाहून जाऊ नये म्हणून, तिच्या हातून एक परदेशी वेल लावून घेतली होती. ती आता झाडांखाली सतरंजीसारखी पसरली आहे. तिच्याखाली ना कारवी उगवते ना ऐनाचे रोप. इथल्या मजूर गंगुबाईला हाताशी घेऊन ती काढायची, एवढेच माझे काम.

निघताना सरोजने त्याच वेलीची एक फांदी माझ्या हातात दिली. शाळेत मेरीमातेच्या गुहेपाशी आम्ही दोघी अशीच निळी फुले लावायचो. सुमे, तुझ्या हातचं कधी मरत नाही, एवढी आठवणीला लाव, म्हणाली. पायरीजवळच्या कुंडीत लावली. डोळे भरून आले.

९ ऑक्टोबर
काम छान चालले आहे. वेल पेरापेराला मुळे धरते, म्हणून ओढायची नाही. खुरप्याने अख्खी उचलायची, कातळावर वाळवायची, मग जाळायची. तुकडा राहिला की पुन्हा फुटते. गंगुबाई पाड्यावरची, तोंडाने फटकळ. मी पातळ सावरत वाकले तर म्हणाली, मडमबाई, रान साफ करताय का नाच करताय! आज मोकळ्या मातीत कारवीचे कोंब दिसले. केवढा आनंद झाला! माझ्या भाचीला, नीलाला, दाखवायला हवेत. आईवेगळी पोर, मीच वाढवली.

१४ ऑक्टोबर
रानातली वेल हटते आहे, पण कुंडीतली फांदी उंबऱ्यापर्यंत आली. गंगुबाईला काढायला सांगितले, तर तिने खुरपेच टाकले. ही कुणी लावली, विचारले. मी लावली म्हटले. ती दोन पावले मागे सरली. मग म्हणाली, "सरोजबाईनं लावायला लावली ना? तिच्या दारातबी अशीच आलती. ज्याच्या हातची, त्याच्याच मागं येती. दुसऱ्यानं लावली की पयल्याला सोडती."
मी हसले. सरोज असे करील?

१७ ऑक्टोबर
गंगुबाई येत नाही. कुंडी फोडली, फांदी जाळली. संध्याकाळी फरशीच्या फटीतून तीच पाने.

सरोज आली होती. फाटकाच्या आत पाऊल टाकले नाही. तिच्या बोटांवर बारीक पांढरे व्रण, प्रत्येक पेरावर. भरत आलेले. मी विचारले. तिने नाकारले नाही. मलाही जगायचं होतं गं, म्हणाली. आणि घाबरू नकोस, तुझीही सोय केली आहे, नीलाला बोलावून घेतलंय, तिच्याकडून एक फांदी लावून घे.
इतक्या मायेने म्हणाली! शाळेत डब्यातला लाडू अर्धा करून द्यायची, तशी.

१८ ऑक्टोबर
बोटांना केसांसारखी पांढरी मुळे. उपटली. रक्त आले.
नीलाला अडवायला निघाले. फाटकापर्यंतही — पाय उचलत नाहीत.
तिला हे द्यायचे नाही. मी सरोज नाही.

१९ ऑक्टोबर
खिडकीपाशी बसले आहे. बसले म्हणजे — फरशीने धरले आहे. पेन्सिल अजून धरता येते.

२० ऑक्टोबर
नीला. फाटकाशी. मावशी, मावशी म्हणून हाका. शेजारी सरोज —
ओरडले. आवाज नाही. तोंडात पाने.
सरोजने तिच्या हातात काही दिले. निळे. काय सांगत असेल ते मला ठाऊक — तुझ्या हातचं मरत नाही, मावशीला आवडेल —
नीला पायरीपाशी वाकली. मातीत बोट —

अंगठा सुटला.
पाय सुटतो आहे. देवा, नको, मोकळी नको करूस मला — नीला, लावू न