बोटीची दोन तिकिटं

अण्णा, मी आईला घेऊन बोटीने जाते आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. कल्याणहून गाडीने कोचीन, तिथून जहाजाने लक्षद्वीप. पाच दिवस समुद्रावर. दिवसा बेटांवर उतरायचं, झोपायला पुन्हा जहाजावर. वाटेत तीर्थक्षेत्र एकही नाही. कुणाचं लग्न नाही, कुणी आजारी नाही, कुणाच्या अस्थी सोडायच्या नाहीत. नुसतं पाणी बघायला चाललो आहोत. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला असतात आणि तेवढ्यानेच आम्ही गप्प झालो असतो. पण तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि डोंबिवलीतल्या या वन रूम किचनचा हप्ता माझ्या पगारातून जातो. तेव्हा चष्मा पुसायचा असेल तर खुशाल पुसा.

कल्याणजवळ मोहन्याच्या धाग्याच्या कंपनीत तुम्ही पॅकिंग खात्यात आहात हे मला फार लहानपणी कळलं, कारण घरातही तुम्ही त्याच खात्यात असायचात. धागा गुंडाळलेले कोन पेटीत कसे बसवायचे ते तुम्ही आम्हाला डाळ-तांदळाच्या डब्यांवर शिकवलंत. जड तळाला, हलकं वर, कोपरे आधी भरायचे, आणि झाकण लावल्यावर हलवून कान द्यायचा. आत काही वाजलं तर सगळं पुन्हा बाहेर. क्वार्टर्समध्ये कुणीही गावाला निघालं की आदल्या संध्याकाळी तुम्हाला बोलावणं. तुम्ही त्यांच्या खोलीच्या मधोमध मांडी घालता, एकेक वस्तू उचलता आणि विचारता, "हे लागणार आहे का?" उत्तर झटकन आलं तर वस्तू आत. समोरचा जरासा अडखळला तरी बाजूला. "विचार करावा लागला म्हणजे नको." शेजारच्या काकू काशीला निघाल्या तेव्हा लोणच्याच्या बरणीवरून केवढं झालं होतं.

"अण्णा, तेवढी राहू द्या की."

"काशीला लोणचं मिळत नाही का?"

"मिळतं हो, पण माझ्या हातचं नाही ना मिळत."

"मग हात घेऊन चाललाच आहात. बरणी कशाला?"

सगळी खोली हसली. काकूही हसल्या, पण बरणी बाजूलाच राहिली. मी तुमच्याजवळ सुतळीचा गुंडा धरून बसलेली असे आणि मला तुमचा अभिमान वाटे. आजही वाटतो, हे लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. फक्त एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती. सगळ्या कॉलनीच्या प्रवासाचं सामान तुम्ही भरलंत, पण आपण चौघं कुठेच गेलो नाही.

ब्याऐंशीची दिवाळी. ठाण्याच्या ऑफिसात लागून मला तीन वर्षं झाली होती. आम्ही दहाजणी भिशी लावायचो; त्या महिन्यात माझा नंबर लागला आणि मी कुणाला न सांगता गोव्याच्या बोटीची डेकची दोन तिकिटं काढली, एक आईचं आणि एक माझं. त्याच्या आधी कधीतरी मामांना बोटीवर बसवून द्यायला आपण भाऊच्या धक्क्यावर गेलो होतो. बोट सुटल्यावर आई मला हळूच म्हणाली होती, "आतून कशी असेल गं?" तिने आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवतं ते एवढंच, आणि तेही खरं म्हणजे मागितलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः बॅग भरायला बसलात. मला वाटलं, हा होकारच. आई स्टोव्हसमोर प्रवासासाठी दशम्या लाटते आहे, धाकटा भाऊ दारात उभा राहून पावाचा तुकडा खातो आहे, आणि तुम्ही विचारता आहात. दुसरा टॉवेल? बाजूला. पावडरचा डबा? बाजूला. छत्री? बाजूला. आईची जरीकाठाची साडी, तिने थोडी रदबदली केली तरी बाजूला. बॅग इतकी सुरेख भरली होती की वरचं कापड सपाट बसलं. मग तुम्ही तिकिटं उचललीत, आईकडे बघितलंत आणि त्याच आवाजात विचारलंत, "आणि हे? हे लागणार आहे का?"

आईचा हात थांबला. मला वाटतं दोन श्वास, फार तर तीन. तव्यावरच्या दशमीला करपट वास यायला लागला. तुम्ही तिकिटं टॉवेलवर ठेवलीत, पावडरच्या डब्याशेजारी. "पोरीचा पैसा पोरीच्या लग्नाला लागेल. समुद्र कुठे पळून जात नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जाऊन तिकिटं परत केलीत, कापून घेतलेलं सोडून बाकी सगळं माझ्या नावाने पोस्टात टाकलंत आणि पासबुक माझ्या हातात आणून दिलंत. एक पैसासुद्धा स्वतःकडे ठेवला नाहीत. तुमच्यावर रागावणं यामुळेच अवघड आहे. चोराचा राग सरळ येतो.

म्हणून मी खूप वर्षं स्वतःशी तुमची बाजू मांडत आले. ओव्हरटाइम करून तुम्ही माझी कॉलेजची फी भरलीत, एकदाही तारीख चुकली नाही. बोनसचा शर्ट तुम्ही शिवला नाहीत, भावाला शिवलात. ज्या माणसाने स्वतःच्या वाट्यालाही काही ठेवलं नाही त्याला आमच्या वाट्याचं कसं सुचणार? पण अण्णा, हे सगळं मांडून झाल्यावरही शिल्लक उरतं. माझं लग्न झालं नाही. दोन ठिकाणी जमत आलं आणि फिसकटलं. पोस्टातले पैसे पुढच्याच वर्षी तुमच्या आजारपणात गेले. त्यासाठी जायलाच हवे होते, ती तक्रार नाही. समुद्र पळाला नाही, हे तुमचं बरोबर निघालं. गोव्याची बोट मात्र बंद झाली.

या वेळी मी तीन वर्षं साठवलं. ऑफिसातली भिशी आणि पोस्टाचं रिकरिंग अशी दोन्ही बाजूंनी. स्टेशनवरून रिक्षा बंद, चालत घरी. दिवाळीची साडी दोन वर्षं नाही. ऑफिसच्या मैत्रिणी विचारायच्या, "काय गं, सोनं घेतेस का?" मी म्हणायची, "हो, ओलं सोनं." जहाजावर महागडी केबिन घेतली नाही, चौघींची घेतली, आणखी दोन बायका कोण असतील त्या असतील. जेवण तिकिटातच आहे, त्यामुळे वरखर्च नाही. बेटांवर जायला परवाना लागतो, त्यासाठी आईचा फोटो काढायला गेलो. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा." आई म्हणाली, "सरकारी कागद आहे ना? मग?"

भावाला सांगितलं तेव्हा तो कल्याणहून मुद्दाम रविवारी आला. तो वाईट नाही, तुमच्यासारखाच काळजीने बोलतो.

"ताई, तुला कळतंय का? जहाज बेटाला लागत नाही म्हणे, मधेच शिडीवरून होडीत उतरवतात. सदुसष्ट वर्षांची बाई ती. गुडघे बघ तिचे."

"गुडघे तिचे आहेत. तिला विचार."

"तिला काय विचारायचं? ती कधी हो म्हणलीय का नाही म्हणलीय? अण्णा असते तर..."

"अण्णा नाहीत."

मग त्याने दुसरीकडून सुरुवात केली. "तेवढ्या पैशात इथला ओटा झाला असता ग्रॅनाइटचा. आईला कायमचा आराम."

आतून आईचा आवाज आला, "ओट्यावर बसून मी कुठे जाऊ रे?"

मला इतकं हसू आलं की मी बाल्कनीत गेले. त्या दिवशी वाटलं, जिंकले. तुमच्याशी चाललेलं माझं सतरा वर्षांचं भांडण त्या एका वाक्याने मिटलं असं वाटलं. ते खरं नव्हतं, आणि खरं तर तेच सांगायला हे लिहायला बसले आहे.

गेल्या शनिवारी सामान काढलं. मी आधी यादी केली होती. वाळायला वेळ न लागणाऱ्या सिंथेटिक साड्या, प्रत्येकी तीन. इस्त्रीची गरज नाही, केबिनमध्ये दोरी बांधून पसरल्या की सकाळपर्यंत कोरड्या. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून ठेवल्या होत्या, ओले कपडे गुंडाळायला. बोट लागली तर आलेपाक आणि लिंबं. पैसे एका ठिकाणी ठेवायचे नाहीत, थोडे ब्लाउजच्या आतल्या कप्प्यात. दोघींच्या मिळून दोन बॅगा, आणि दोन्ही मला एकटीला उचलता आल्या पाहिजेत. आईने तिच्या वस्तू आणून माझ्यापुढे ठेवल्या आणि मी एकेक उचलायला लागले. दोन किलो चिवडा. अंगाऱ्याची पुडी. पितळी तांब्या. लोकरी शाल, कोचीनच्या उकाड्यात. तुमचा जुना मफलर. मी म्हटलं, "आई, हे लागणार आहे का?"

"उठ," आई म्हणाली.

"काय?"

"उठ तिथून. ते गेले तेव्हा वाटलं होतं, आता माझं सामान तरी माझं. सोळा वर्षं कुठे गेलेच नाही, म्हणून कळलं नाही. जागा रिकामी झालीच नव्हती."

आवाज चढलेला नव्हता. मी उठले. ती खाली बसली आणि सगळं पुन्हा बॅगेत घालायला लागली, जड वर, हलकं खाली, तांब्या आडवा. तुम्हाला बघवलं नसतं. मला बघवत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी ते विचारलं जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं, "तेव्हा तू का नाही बोललीस? गोव्याच्या वेळी?"

"बोलणार होते की. दशमी करपत होती. ती उतरवून हो म्हणणार होते. त्यांना तेवढा दम कुठला?" तिने मफलर कोपऱ्यात कोंबला. "आणि तुझ्या हातात तर काही नव्हतं. तू तर नुसती बसली होतीस."

अण्णा, मी सव्वीस वर्षांची होते. बी. ए. झालेली, ऑफिसात साहेबाला तोंडावर नियम दाखवणारी. तिकिटं माझी होती. मी हात पुढे करून ती टॉवेलवरून उचलली असती तर तुम्ही काय केलं असतंत? चष्मा पुसला असतात. आणखी काही केलं असतंत असं मला खरंच वाटत नाही. सतरा वर्षं मी सगळा हिशेब तुमच्या नावावर मांडला, थोडा आईच्या गप्प बसण्यावर. माझा आकडा मी कुठेच धरला नव्हता. यामुळे तुम्ही सुटता असं समजू नका. तुम्ही तिच्या दोन श्वासांची वाट पाहायला हवी होती, हे मी आजही म्हणते आणि उद्या जहाजाच्या कठड्याशी उभी राहूनही म्हणेन. पण आता मी नुसती तक्रारदार नाही, हे मला कळलं आहे.

आईने बॅगेवर बसून चेन लावली. मग कपाटातून एक छोटं कुलूप काढलं, ते चेनीच्या कड्यांत अडकवलं आणि किल्ली सेफ्टी पिनला लावून ब्लाउजला आतून टाचली. मी म्हटलं, "अगं, शेवटी आत काय काय घेतलंयस?" ती म्हणाली, "सामान." बॅग कोण उचलणार विचारलं तर म्हणाली, "हमाल असतात ना? पैसे साठवलेत ना तू?" आणि टीव्ही लावला.

गुरुवारी निघतो आहोत. ती शिडी उतरेल की नाही, मला माहीत नाही. नाही उतरली तर जहाजावर बसेल, आतून बोट कशी असते ते बघेल, आणि मी तिला कुठल्याच बेटावर ओढून नेणार नाही, असं ठरवलं आहे. हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला कुणी सांगू शकणार नाही, आणि भावाच्या हाती पडू नये म्हणून फाडूनही टाकेन कदाचित. त्याआधी एक गोष्ट तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही. आज आई भाजी आणायला खाली गेली होती तेव्हा मी तिच्या बॅगेचं कुलूप ओढून पाहिलं. दोनदा. नीट लागलेलं होतं.